नीलमजवळ कोण बसणार

मी, किसनराव सुखदेव तेलगोटे, कागदावर वय एकाहत्तर, धंदा गाद्या भरण्याचा (आता बंद), राहणार जुने शहर, अकोला, हे माझ्या हाताने लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. छातीबद्दल त्यात काही लिहिलेलं नाही. जबरदस्ती कोणी केलेली नाही. करायला घरात नीलमशिवाय कोणी नाही, आणि तिची जबरदस्ती मला मान्य आहे.

नीलम माझी मुलगी. वय चाळिशीला आलं, समज लहान लेकराची, आणि फिट येतात. तिची आई माणिकबाई, वलगावची, करोनाच्या साली गेली. नीलमला शब्द थोडेच येतात. त्यातला लाडका शब्द 'बस'. दारात पाहुणा येवो, मीटर पाहणारा येवो की कुत्रं येवो, ती गादीवर हात आपटून म्हणते, "बस." माणसं हसतात आणि उभ्या उभ्याच जातात. कुत्रं तेवढं बसतं.

कलम पहिले, घर. दोन खोल्या आणि न्हाणी, माझ्या नावावर आहेत. माझ्यामागे त्या नीलमच्या. जो तिच्याजवळ राहील त्याने तिथे राहावं, आणि नीलमनंतर घर त्याचं. मला कळतं की घर दिलं तर लोक घरासाठी बसतील. नाही दिलं तर बसणारच नाहीत. यातून वाट काढायला मी वकिलांकडे गेलो होतो. ते म्हणाले, घर देता येतं किसनराव, माणूस मृत्युपत्रात देता येत नाही.

कलम दुसरे, कापूस पिंजायची पिंजण आणि गादी शिवायचं दाभण. ही माझा मुलगा धम्मदीप याला. तो पुण्यात कंपनीत आहे. तिकडे लोक अशा जुन्या वस्तू भिंतीवर लावतात म्हणे, त्यानेही लावावी. नीलमचं विचारलं तर तो फोनवर म्हणाला, "बाबा, मी नौकरी करू का तिच्याजवळ बसू?" पोराचंही खरं आहे. त्याच्यावर माझा राग नाही, असं लिहायचं ठरवलं होतं. पण मृत्युपत्रात खोटं लिहू नये. थोडा आहे.

कलम तिसरे, दवाखान्याचं कार्ड. हे कोणालाच देता येत नाही, माझ्यासोबत ते संपेल. तरी त्याबद्दल लिहितो, कारण लोक म्हणतील, म्हाताऱ्याकडे सरकारी कार्ड होतं, मग असा कसा मेला? जन्मभराचा कापसाचा धुराळा छातीत बसला आहे. सत्तरी ओलांडल्यावर कार्ड निघालं तेव्हा मी पेढे वाटले होते. मग दवाखान्यात योजनेच्या टेबलावरच्या प्रतीक्षाला विचारलं, दम्याचा पंप आणि नीलमच्या फिटच्या गोळ्या यात मिळतील ना? ती म्हणाली, "गोया कार्डात बसत नाई बाबा. भरती व्हा, मंग सगळं बसते."

"मी भरती झालो तं नीलमजवळ कोन बसन?"

तिने मागच्या माणसाचं कार्ड मागून घेतलं. पोरगी वाईट नाही. पुरुषांच्या वार्डात नीलमला ठेवून घेत नाहीत. नीलम भरती झाली तेव्हा बायांच्या वार्डात मी चालत नव्हतो, रात्रंदिवस जिन्यात बसून होतो. तिचंही वेगळं कार्ड आहे. पण भरती करताना पहिला प्रश्न हाच, सोबत कोण? माझ्यामागे या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर राहणार नाही.

कलम चौथे, लुगड्याची पट्टी. ही माझी सख्खी बहीण जमुना हिला परत द्यावी. मागच्या हिवाळ्यात दम्याने फार उचल खाल्ली, तेव्हा नीलमला तिच्याकडे ठेवून मी भरती झालो. उपचार चांगला झाला, पैसा लागला नाही, खोटं कशाला बोलू? घरी आलो तर जमुनाने जुन्या लुगड्याचा काठ फाडून नीलमचा हात खाटेला बांधलेला. "दादा, रस्त्यावर गेली असती तं? सैपाक करू का तिच्यावर डोये ठेवू?" नीलमने मोकळ्या हाताने गादी थोपटली आणि मला म्हणाली, "बा, बस." जमुनालाही ती अजून तसंच म्हणते. तिने माफ केलं असेल, मी केलेलं नाही. तेव्हापासून मी भरती झालो नाही, आणि होणार नाही.

कलम पाचवे, माझी गादी. मेलेल्याची गादी टाकून देतात. माझी टाकू नये. ती उसवावी, कापूस दोन दिवस उन्हात घालावा, पिंजून नीलमच्या गादीत भरावा. तिची गादी फिटमुळे एका बाजूला दबली आहे. कापूस चांगला आहे, मी स्वतः निवडलेला. तेरवी वगैरे काही करू नये, बुद्धवंदना घ्यावी, पुरे.

कलम सहावे. नीलमच्या गोळ्या सकाळ-संध्याकाळ द्याव्या. सरकारी दवाखान्यात कधी मिळतात, कधी संपलेल्या असतात. फिट आली तर तोंडात चमचा घालू नये, कुशीवर वळवावं आणि ती जागी होईपर्यंत जवळ बसावं. हे सर्व करण्यासाठी मी ........................ यांना नेमतो.

ही जागा मोकळी आहे. नत्थुजी माझा जुना सोबती, त्याचं नाव मनात होतं. तो म्हणाला, "साक्षीचा आंगठा कवाबी देतो किसनभाऊ. पन त्या जाग्यावर माहं नाव लिवू नको. मी तुह्यापेक्षा म्हातारा हावो." त्याच्यानंतर विचारायला कोणी उरलं नाही.

वरील सर्व मी वाचून पाहिलं, बरोबर आहे.

सही : किसनराव सुखदेव तेलगोटे

साक्षीदार : १) नत्थुजी गोंडुजी शिरसाट, डाव्या हाताचा अंगठा. २) प्रतीक्षा विनायक डोंगरे, सही.

अकोला, दिनांक ८ जानेवारी २०२६.

ताजा कलम : नत्थुजीच्या अंगठ्यासाठी शाईचा डबा उघडा होता. तो नीलमच्या हाती लागला. कलम सहामधल्या मोकळ्या जागेवर जो अंगठा उमटला आहे, तो तिचा आहे. ती खाडाखोड धरू नये.