गब्रिएलच्या धक्क्यापर्यंत

हिदार २६

होडी मिळत नाही. गब्रिएलच्या सणासाठी बाहिर दारमधली झाडून सगळी होडकी आधीच ठरलेली. "आत्ता जाग आली होय बाई?" — धक्क्यावरचा एक जण. हसला वर.

परवा निरोप आला. माझा मुलगा हब्तामू सणाच्या रात्री मठात दीक्षा घेणार. तळ्यातल्या गब्रिएलच्या बेटावरून लाकडं विकायला येणाऱ्या म्हाताऱ्यानं फाटकात उभ्या उभ्या सांगितलं, पाणी प्यायला, गेला. मी चुलीवरची कॉफी भाजून पुरी केली. जळू दिली नाही. काही वाटलं नाही. अजून वाटत नाही.

हिदार २७

देसालेन आला होता. माझा धाकटा भाऊ, पण उंबरा ओलांडला की थोरला होतो. "ताई, असा मुलगा पोटी यायला भाग्य लागतं!" म्हटलं, मग तुझा एखादा दे की. तीन आहेत. कॉफीचा दुसरा पेला न पिताच गेला.

दीक्षेत काय करतात ते त्याला माहीत आहे, मलाही. जमिनीवर आडवं निजवतात, अंगावर कापड टाकतात आणि मयताची प्रार्थना वाचतात. सगळी, शेवटपर्यंत. त्याखालून उठतो तो दुसरा माणूस. नाव दुसरं. त्याला आई नसते.

बेटावर बाईनं पाऊल टाकायचं नाही. होडी धक्क्याला लागते, पुरुष वर जातात, बायका होडीतच बसतात. लहानपणी मीही बसलेय आईजवळ. हब्तामूनं सांगून पाठवलंय — सकाळी लवकर या, मी खाली धक्क्यावर येईन. प्रार्थनेआधी एकदा.

तेवढंच हवंय. एकदा तोंड बघायचं. बाकी कुणाकडे काही मागितलेलं नाही.

हिदार ३०

होडी मिळाली! अडमासू म्हणून एक जण आहे, त्याचं आधीचं गिऱ्हाईक फिरलं. होडी जुनी, पण इंजिन बरं असं म्हणतो. तोंड मात्र इंजिनापेक्षा जोरात चालतं. "ताई, एवढं जाताय तर सगळा फेरा करू! झेगेचे मठ, नाईल निघते ती जागा, पाणघोडे!" मी म्हटलं, बाबा, माझा जन्म इथला. "मग काय झालं? पाणघोडे रोज नवे असतात!"

फक्त गब्रिएल, म्हटलं. धक्क्यापर्यंत. त्याला फार वाईट वाटलं.

तहसास ४

काही नाही. उपासाचं खाल्लं. कपडे धुतले.

तहसास ९

वर मठात जेवण पाठवायचं ठरवलंय. सणाला शेकडो माणसं वर असतात. आईच्या हातचं म्हणून त्यालाही घासभर जाईल. घरातली भांडी पुरायची नाहीत. मोठी भांडी इद्दिरची — आमच्या गल्लीचं मयताचं मंडळ. तंबू, बाकं, पातेली, सगळं मंडळाचं. पातेली माझ्या मागच्या खोलीत, किल्ली माझ्या कमरेला. नियम एकच: कुणी गेल्याशिवाय भांडं बाहेर काढायचं नाही. लग्नालासुद्धा नाही. मागे एकीनं मुलीच्या लग्नाला मागितली तेव्हा मीच तिला चार शब्द सुनावले होते.

आज दोन पातेली काढून अंगणात घासली. इताफेराहू कुंपणावरून बघत होती. इद्दिरची सगळ्यात जुनी बाई, तिच्या नजरेतून मुंगी सुटत नाही. "काय गं, कुणाचं काही...?" नाही म्हटलं. "मग?" काम आहे म्हटलं. तिनं छातीवर क्रूस केला आणि आत गेली.

हब्तामू बेटावर सेवेला आहे एवढं गल्लीला माहीत आहे. दीक्षेचं मी कुणाला बोलले नाही. काय बोलायचं? अभिनंदन करतील.

तहसास १४

आज रडायचा प्रयत्न केला. खरंच. दार लावून त्याच्या खाटेवर बसले. त्याची कॉलेजची पुस्तकं बघितली, त्याचा निळा सदरा मांडीवर घेतला. वाट बघितली. मग कोपऱ्यात जाळं दिसलं. उठून काढलं. मग सगळीच खोली झाडली. पलंगाखालीही.

त्याचे वडील गेले तेव्हा असं नव्हतं झालं. तेव्हा दोन बायका मला धरायला लागायच्या. आता दगड झालाय आत. बरं आहे, कामं होतात.

तहसास १८

दिवसभर इंजेऱ्याच्या पोळ्या भाजल्या. हात पोळला, फोड आला, दुखत नाही फारसा. मसुराचं, कोबीचं, शिरोचं पिठलं वेगळं. शिरोत तिखट कमी, त्याला तसं लागतं. देसालेन म्हणाला, "वर कोण बघतंय कमी-जास्त तिखट!" गप्प बस म्हटलं.

तहसास १९, गब्रिएल

उजाडताना निघालो. पाणी सपाट होतं. धक्क्यावर होड्यांची एवढी दाटी की अडमासूनं तीन जणांशी भांडून आमच्या होडीचं नाक घुसवलं. प्रत्येक होडीत पांढऱ्या शाली घेतलेल्या बायका. पुरुष उतरले, देसालेन आणि धक्क्यावरची चार पोरं पातेली घेऊन वर गेली.

मी बसले. झाडीतून पायवाट खाली येते, तिच्याकडे तोंड करून. वर ढोल चालू होते. शेजारच्या होडीतल्या बायका जीभ हलवून आनंदाच्या आरोळ्या देत होत्या, मलाही "द्या की!" म्हणाल्या. वाटेवर तरणा माणूस दिसला की मी उभी राहायचे. होडी हलायची. "बसा हो ताई, बुडवाल!" — अडमासू. बसायचे. पुन्हा उठायचे. उन्हं डोक्यावर आली.

देसालेन एकटाच खाली आला. काखेत गाठोडं. चेहरा रडून सुजलेला. "ताई, तो येत नाही."

मी विचारलं, जेवला का?

"जेवला. म्हणाला, आईला बघितलं तर मी तिच्याबरोबर होडीत बसेन. म्हणून येत नाही."

गाठोड्यात त्याचे कपडे होते. त्याला आता लागणार नाहीत. प्रार्थना रात्री. पण दुपारी वारा उठला की अडमासू होडी सोडत नाही, म्हणून रिकामी पातेली चढवून आधीच निघावं लागलं. वाटेत त्याला पाणघोडा दिसला. "ते बघा, ते बघा!" बघितला. मोठा होता.

घरी फाटकात इताफेराहू उभीच. तिनं पातेली बघितली, मग गाठोडं, मग देसालेनचं तोंड. "काय झालं रे?" देसालेनला हुंदका आवरेना. "आज रात्री... हब्तामूसाठी... मयताची प्रार्थना आहे," एवढंच बोलला आणि शाल तोंडावर घेतली. इताफेराहूनं दोन्ही हात छातीवर आपटले.

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी गाठोडं घेऊन आत गेले. पातेली घासायची होती.

तहसास २०

सकाळी अंगणात खुंट्या ठोकल्याचा आवाज. उठून बघते तो तंबू! इद्दिरचा. बाकं लागली होती, पोरं चूल पेटवत होती, गल्लीतल्या सगळ्या बायका आत. इताफेराहूनं मला कवेत घेतलं. "आम्हाला का नाही सांगितलंस गं! भांडी काढलीस तेव्हाच माझ्या काळजात चर्र झालं. अकरा दिवस एकटी झेललंस! आम्ही काय मेलो होतो?"

मी तोंड उघडलं. अहो, तो जिवंत आहे. दीक्षा घेतलीय. एवढंच म्हणायचं होतं. देसालेन कोपऱ्यातून डोळे मोठे करून बघत होता — सांग, सांग.

तेवढ्यात बायकांनी मयताच्या जागी त्याचा निळा सदरा खुर्चीवर ठेवला आणि इताफेराहू सुरू झाली. "हब्तामू रे! माझी बादली विहिरीतून काढून देणाऱ्या! माझ्या हातून पिशवी ओढून घेणाऱ्या! लांब हाताच्या पोरा, तुला कुणी नेलं रे!"

महिनाभर देसालेन भाग्य म्हणत होता. होडीतल्या बायका आनंद म्हणत होत्या. ह्या बायका पहिल्यांदा म्हणाल्या — गेला.

मी खाली बसले. आणि मग काय झालं ते मला धड आठवत नाही. दोघी मला धरून होत्या. घसा बसलाय. डोळे उघडत नाहीत. लिहिताना अक्षर दिसत नाही नीट. मी रडले! केवढी रडले मी!

तहसास २१

तंबू आहे. "ताई, हे पाप आहे, सांग त्यांना!" — देसालेन. उद्या सांगते, म्हटलं. अजून एक दिवस रडू दे मला.

तहसास २२

दुपारी फाटकात हब्तामू. गुडघ्यापर्यंत चिखल, लाकडंवाल्या म्हाताऱ्याच्या लव्हाळ्याच्या होडीतून आला. इताफेराहू किंचाळून बाकावरून खाली पडली. बाकीच्या भिंतीला चिकटल्या.

तो फक्त माझ्याकडे बघत होता. "आई, अंगावर कापड टाकलं त्यांनी — आणि प्रार्थना संपायच्या आतच मी उठून बसलो." मग त्याला तंबू दिसला. बाकं, बायका. चेहरा उतरला त्याचा. "कोण गेलं?"

"तू," मी म्हटलं. "हात धू. वाढते."