साहेबांच्या पाच सिगारी

५ मार्च १९७२, रविवार
आजपासून रोजनिशी. कारणच तसं घडलं आहे.
कर्नल बक्षी साहेबांची बदली झाली, थेट उत्तरेला, बर्फात. जाताना मला बंगल्यावर बोलावलं. भिंगार कॅम्पात सिव्हिलियन कारकून पन्नास असतील, बोलावलं मला. हातात लाकडी पेटी दिली. आत पाच सिगारी. काळपट, अंगठ्याएवढ्या जाड, विलायतेहून आलेल्या. म्हणाले, दत्तोपंत, बर्फात यांचा नाश होईल, तुम्ही सांभाळा. दमट जागी ठेवल्या तर वर्षभरात मुरतात, चव बदलते. एक तुमची, चार माझ्या. पुढच्या वर्षी मे महिन्यात येईन तेव्हा सोबत बसून ओढू.
जिना उतरताना म्हणाले, तुमच्या पर्मनंटचंही तेव्हाच बघू.
नऊ वर्षं मी स्टोअर्समध्ये हंगामी क्लार्क आहे. नऊ वर्षांत हे वाक्य कोणीही उच्चारलं नव्हतं. घरी येईपर्यंत सायकल चालवली की ती आपणहून चालली, आठवत नाही.

६ मार्च
पेटीत माहितीपत्रक आहे. इंग्रजी. रात्रभर डिक्शनरी घेऊन बसलो. सिगार 'फुल-बॉडीड' आहे, म्हणजे भरदार अंगाची. बायकोला, दमयंतीला, हे सांगितलं. ती म्हणाली, कोण?
चवीचा क्रम असा: आधी काळी मिरी, मग चामडं, मग कोको, शेवटी ओली माती. धूर गिळायचा नाही, तोंडात खेळवायचा. राख झटकायची नाही, इंचभर टिकली पाहिजे.
संकल्प: माझी एक येत्या रविवारी. बाकी चारांना हात लावणार नाही. खानदानी लोक असेच राहतात.

१२ मार्च, सकाळी ९
जीभ स्वच्छ राहावी म्हणून चहासुद्धा घेतला नाही. अंगणात खुर्ची टाकली. पेटवली.

त्याच दिवशी, दुपारी ४
चव उत्तम. मिरी जाणवली नाही, पण चामडं अगदी स्पष्ट. राख पाऊण इंच टिकली. त्यानंतरचं मला नीट आठवत नाही.
दमयंतीचं म्हणणं, मी डोळे फिरवून खुर्चीसकट तुळशीत गेलो. भांडी घासायला गोजरबाई आली होती. सोनईकडची बाई, धीराची. तिने आरडाओरडा केला, फेफरं आलं जनू मालकान्ला, आन् पायातली वहाण काढून माझ्या नाकाला लावली. चामड्याचं मूळ तिथे असू शकतं. तरी मी नोंद ठेवतो: चामडं.
सांडलेली राख गोजरबाईने भांड्यांना वापरली. म्हणाली, पितळ लई झ्याक निघालं.

२० मार्च
सिगारी मुरवण्याची व्यवस्था पूर्ण. पेटी पत्र्याच्या मोठ्या डब्यात, पेटीभोवती ओलं फडकं, डबा पलंगाखाली. रोज सकाळी अर्धा तांब्या पाणी. लोणचं मुरायला वेळ लागतो तसंच हेही आहे. मी धीर धरणारा माणूस आहे. नऊ वर्षं धरलाच आहे.

२ जुलै
सिगारींवर पांढरे ठिपके. पत्रकात लिहिलंय, उत्तम मुरलेल्या सिगारीवर पांढरी झळाळी येते. चार महिन्यांत! साहेबांना पत्राने कळवलं.
दमयंतीने डोकावून पाहिलं. म्हणाली, बुरशी आहे, पापडांवर येते ती. तिला सगळ्यात पापडच दिसतात.
पाऊस नाही.

१५ ऑगस्ट
स्वातंत्र्याचा रौप्यमहोत्सव. अशा दिवशी साधी विडीसुद्धा न ओढणं हा देशाचा अपमान झाला असता. साहेब स्वतः फौजी, ते हेच म्हणाले असते. त्यांच्या चारांतली एक ओढली, पोटभर जेवून. पडलो नाही. प्रगती आहे.
चव: कोको शोधला, सापडला नाही. कोको मी कधी प्यायलेलो नाही हेही एक कारण असावं.
उरल्या तीन. तीन हा आकडा चारांच्या अगदी जवळचा आहे.

७ नोव्हेंबर
दिवाळी कोरडी. नळाला तीन दिवसांआड पाणी, तेही करंगळीएवढं. दमयंती पहाटे पाचला घागर घेऊन रांगेत असते. खेड्यांतून माणसं खडी फोडायच्या कामावर चालली आहेत. गोजरबाईचा भाऊही गेला.
ठिपके वाढलेत. मुरण्याची दिशा बरोबर आहे ना, हे ओढल्याशिवाय कळणार कसं? साहेबांच्या मालाची तपासणी करणं हे माझं कर्तव्य. तपासली.
चव: ओली माती. मिळाली! पत्रकातला शेवटचा टप्पा मला पहिल्याच झुरक्याला मिळाला. दमयंती म्हणाली, फडकं कितीदा बुडवता त्या डब्यात? मातीच लागणार.
उरल्या दोन.

१९ जानेवारी १९७३
ऑफिसात शिपाई भिमाजी सर्वांसमोर म्हणाला, भाऊसाहेब सिगारीच्या नुसत्या बाता मारत्यात. प्रश्न माझा नव्हता, साहेबांच्या इज्जतीचा होता. जेवणाच्या सुट्टीत एक नेली आणि पेटवली. सहा काड्या लागल्या. एक झुरका भिमाजीलाही दिला. तो खोकला आणि म्हणाला, भाऊसाहेब, ह्ये तर वल्लं सरपान हाय.
अडाण्याला काय कळतंय.
उरली एक.

२० जानेवारी
सकाळीच माळीवाड्याच्या विशाल गणपतीपुढे हात जोडून शपथ घेतली. ही शेवटची साहेबांच्याच ओठांना लागेल. चारांऐवजी एक, पण अशी की चार विसरतील. पर्मनंटला एकच सही लागते.

११ एप्रिल
आज दमयंतीने पकडलं. माझ्या हातात तांब्या, पुढ्यात डबा. तिने विचारलं, रोज? मी म्हटलं, फक्त अर्धा. तिने घागर उचलली आणि ती रांगेला गेली. परत आली तेव्हा घागर पाऊणच भरली होती. टँकरचं पाणी मध्येच संपलं होतं.
वर्षभर मी त्या बाईच्या रांगेतलं पाणी तंबाखूला पाजत होतो. मला लाज वाटली. खरोखर वाटली, लिहून ठेवतो.
आजपासून पाणी बंद. (शास्त्रसुद्धा म्हणतं की शेवटचा महिना कोरडा असावा. मी तसं वाचलेलं नाही, पण म्हणत असेल.)

६ मे
साहेबांची तार. वीस तारखेला महिनाभराच्या सुट्टीवर येत आहेत, मुक्काम कॅम्पातल्या बंगल्यावर.
डबा काढला. वजनदार लागला. उघडला. आत रेशनचा मिलो, ती लाल अमेरिकन ज्वारी, गळ्यापर्यंत.
दमयंती स्वयंपाकघरातून म्हणाली, झाकणाचा डबा हवा होता, उंदीर झालेत. लाकडी पेटी फळीवर ठेवलीय. पेटी रिकामी. दमयंती म्हणाली, आतलं वाळकं पान? ते गोजरबाईला दिलं. तंबाखू महाग झालाय म्हणत होती बिचारी.
तसाच गोजरबाईकडे धावलो. ती आमच्या अंगणात भांड्यांपुढे बसली होती आणि तोंडात बोट होतं. तिने सिगार चुरली होती, तव्यावर काळी होईतो भाजली होती, वरवंट्याखाली वाटली होती. मिश्री केली साहेबांच्या सिगारीची! कमरेची डबी काढून मलाच दाखवली आणि म्हणाली, भाऊसाहेब, कुटला म्हनायचा ह्यो तंबाखू? पैल्यांदा मिरीवानी झोंबतोय. मग नव्या वहाणंचा वास येतोय. मग कडू-ग्वाड, करपल्या काकवीवानी. आन् शेवटाला भुईवर पानी शिपडल्यावानी. उभ्या जल्मात आसला लावला न्हाई.
मी तिथेच पायरीवर बसलो. मिरी, चामडं, कोको, माती. ओळीने. चार सिगारी ओढून मला जे जमलं नाही ते तिला हिरड्यांवर जमलं.

१४ मे
साहेबांपुढे मांडायचं निवेदन तयार. मसुदा पहिला: उंदीर. मसुदा दुसरा: दुष्काळ. मसुदा तिसरा: दुष्काळामुळे उंदीर. तिसरा पटण्यासारखा आहे. आरशापुढे म्हणून पाहिला, आवाज कापत नाही.

२० मे
आवाज कापला.
साहेबांनी दोन खुर्च्या व्हरांड्यात मांडल्या होत्या, दोन काचेच्या राखदाण्या. त्या दोन खुर्च्या पाहून माझ्याच्याने उंदीर म्हणवेना. सगळं सांगून टाकलं. रौप्यमहोत्सव, तपासणी, भिमाजी, पाणीसुद्धा. पर्मनंट गेलं हे बोलतानाच कळत होतं, पण बोलत राहिलो.
साहेबांनी एक राखदाणी उचलून बाजूला ठेवली. मग एवढंच विचारलं, शेवटची मुरलेली कशी लागली? मी म्हटलं, मला माहीत नाही साहेब. आमच्या गोजरबाईला माहीत आहे.
म्हणाले, उद्या तिला घेऊन या.

२१ मे
गोजरबाई व्हरांड्याच्या पायरीवर टेकली. साहेब खुर्ची सोडून तिच्याशेजारी पायरीवर बसले. मी दुभाषी म्हणून उभा होतो. गरज पडली नाही. साहेब हिंदीत विचारायचे, ती सोनईच्या मराठीत सांगायची, दोघांना सगळं समजत होतं. मिरीपासून मातीपर्यंत तिने पुन्हा सांगितलं. साहेबांनी डोळे मिटून ऐकलं. मग हात पुढे केला. गोजरबाईने पदराआडून डबी काढली, चिमूटभर दिली. साहेबांनी दातांना लावली. दोघं कंपाउंडच्या निंबाकडे बघत बसले, शेजारी रिकाम्या दोन खुर्च्या.
थोड्या वेळाने साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुढे झालो. म्हणाले, पाणी आणा, बाईंना चूळ भरायची आहे.
आणलं. पूर्ण तांब्याभर.

१० जून
ऑफिसर्स मेसमध्ये बाई हवी होती. साहेबांनी शिफारस दिली, टाईप मी केली: 'प्रामाणिक, आणि अत्यंत चोखंदळ जिभेची.' गोजरबाई आजपासून पर्मनंट. पेन्शनसकट.
माझ्याबद्दल साहेब म्हणाले, पुढच्या मेमध्ये बघू.
आता आमच्याकडे बाई नाही. दमयंती म्हणाली, मी पहाटे पाण्याला जाते, तेव्हा भांडी तुमची. सकाळी अंगणात बसून चुलीच्या राखेने तो तांब्या घासतो आहे, पाणी मोजून. काळाच राहतो.
गोजरबाई मेसला जाताना कुंपणापाशी थांबली. बघून हसली. म्हणाली, भाऊसाहेब, चुलीच्या राखंनं न्हाई निघायचं ते. सिगारीची हाय का थोडी?