अर्धं खोगीर

आये, तुला मी आजवर जी पत्रं लिहिली ती पोस्टमननं वाचून दाखवायची म्हणून लिहिली. आटपाडीच्या पल्याड आपल्या वस्तीवर तो सायकल टेकवायचा, तू शेळ्या सोडून यायचीस, शेजारच्या चार बायका गोळा व्हायच्या आणि माझी खुशाली सगळ्या वस्तीला एकदमच कळायची. असल्या पत्रात माणूस खरं काय लिहिणार? मी बरी आहे, तू तब्येतीला जप, संपलं. आता तुला जाऊन इतकी वर्षं झाली की माझेच गुडघे तुझ्यासारखे वाजायला लागलेत, आणि मध्ये पोस्टमनही उरला नाही. तेव्हा आज त्या अर्ध्या खोगिराचं सगळं लिहून काढते. तुझा मला जन्मात सगळ्यात जास्त अभिमान वाटला तो दिवस त्यातच आहे, आणि तो मी तुझ्याजवळ कधी नीट बोलून दाखवला नाही.

मोठा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली असतील. साताऱ्यापासून दोन तासांच्या चालीवरच्या त्या गावात मी हायस्कुलात नवी बाई. गाव सगळं फौजींचं. घरटी एक तरी माणूस पलटणीत, आणि जो रिटायर होऊन आला तो सकाळी मिशीला पीळ देऊन पारावर. शाळेला पंचवीस वर्षं होणार म्हणून हेडमास्तरांनी ठरवलं, एका खोलीत गावच्या सैनिकांच्या वस्तू मांडायच्या आणि समोरच्या भिंतीवर सगळ्यांची नावं रंगवून घ्यायची. इतिहास मी शिकवायचे, म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं. घरोघरच्या ट्रंका उघडल्या. पट्टे आले, बिल्ले आले, मेडलं आली, पाण्याच्या बाटल्या, जेवणाचे डबे, एक तर कुणाचा तरी दाढीचा ब्रश आला. नावं कुणाची घालायची हे ठरवायला पाच रिटायर माणसांची कमिटी, आणि तिचे मुख्य सुभेदार. त्यांचा नियम सरळ होता. कागद दाखवा, नाहीतर मेडल दाखवा, तेही नसेल तर पलटणीची वस्तू दाखवा.

खालच्या आळीला एक म्हातारी राहायची. एके दिवशी ती जुन्या लुगड्यात काहीतरी गुंडाळून घेऊन आली आणि शाळेच्या व्हरांड्यात तिनं ते सोडलं. हातभर लांबीची जाड फळी, एका बाजूनं खोलगट. तिच्यावर वाकवलेली लोखंडी पट्टी ठोकलेली आणि पट्टीला वर तोंड केलेले दोन आकडे. पट्टी एका टोकाला मोडलेली. वर गंज आणि काजळी इतकी की रंग कुठला ते कळू नये. माझा मालक चार वर्सं लढाईत हुता, ह्येवढंच घिऊन आला, असं ती म्हणाली. आला तो लंगडतच, तिसऱ्या वर्षी गेला. पुढं छप्पर जळालं त्यात कागद गेले. नवे कागद मिळावेत म्हणून तिनं कुणाकडून तरी दोनदा अर्ज लिहून घेतला होता, तर वरून उत्तर आलं की त्याचा पलटणीतला नंबर कळवा. नंबर कुठला आणणार? गावात तर बोलायचे की तो कसला लढाईत, तो कंत्राटदाराबरोबर सडकेच्या कामावर गेला होता. तिला पैसाअडका काही नको होता. भिंतीवर नाव पाहिजे होतं.

आता गंमत ऐक. लढाईतल्या वस्तूबद्दल 'मला माहीत नाही' असं त्या गावात कुणी म्हणायचंच नाही. कमिटीतला जो पायदळातला तो म्हणाला, ह्याच्यावर मशीनगन बसवत्यात, आपण स्वतः बसवलीय. दवाखान्याच्या पलटणीतला म्हणाला, डोळे झाकून सांगतो, स्ट्रेचरचा तुकडा. तोफखान्यातल्यानं तोफेच्या चाकाचा अडसर काढला, आणि लंगरचा आचारी होता त्यानं तर शपथेवर सांगितलं की ह्यावर डेग ठेवून आपण शंभर जणांचा भात केलाय. तीन दिवस नुसता कालवा. चौथ्या दिवशी सुभेदार वैतागले. चौघांच्या चार तऱ्हा म्हणजे वस्तू पलटणीची नाहीच, कुठल्यातरी गाडीचं मोडकं लाकूड आहे, असं त्यांनी ठरवून टाकलं आणि नाव यादीतून काटलं. म्हातारी दारातच उभी होती. भांडली नाही, रडली नाही. मला एवढंच म्हणाली की पेंटर शनवारी येनार हाय न्हवं, तवर बगा की बाई कुनाला तरी दावून. लाकूड काही तिनं परत नेलं नाही. मी ते माझ्या खोलीवर आणलं.

आणि गुरुवारी संध्याकाळी तू आलीस, दोन एसट्या बदलून, बाजरीचं पीठ आणि घोंगडं घेऊन. शुक्रवारी पहाटेच उठून तू न्हाणीत बंब पेटवायला गेलीस. मी आत वह्या तपासत बसलेय. बराच वेळ बंबाचा आवाज नाही, धूर नाही. मग तू न्हाणीतूनच हाक मारतेस, "आगं, ह्ये कुनाच्या जनावराचं?" मी बाहेर येते तर तू ते लाकूड मांडीवर घेऊन बसलेली, आणि खोलगट बाजूवरून तळहात फिरवतेयस, आजाऱ्याच्या अंगावरून फिरवावा तसा. इतके दिवस इतकी फौजी माणसं त्या वस्तूला फिरवून फिरवून बघत होती, पण हे कुठल्या जनावराचं असं एकानंही विचारलं नव्हतं. तू माझा हात धरून आत लावलास आणि म्हणालीस की रंध्यानं लाकूड असं गुळगुळीत हुत न्हाई, पाठीनं हुतं. लुगड्याची टाचणी काढून पट्टीखालचा मळ उकरलास तर त्यात आखूड राठ केस निघाले. मग मला खाली वाकायला लावलंस. इतिहासाची बाई न्हाणीच्या दारात ओणवी, आणि तू माझ्या पाठीवर ते ठेवून मागंपुढं सरकवून बघतेयस! घोड्याचं का, मी विचारलं. नव्हे म्हणालीस. घोड्याच्या मानेमागं उंचवटा असतो, त्याचं लाकूड तिथं वर उचललेलं पाहिजे, हे सरळ आहे. पाठ गाढवासारखी सपाट, पण गाढवाची पाठ एवढी रुंद कधीच नसते. "खेचराचं खोगीर हाय ह्ये," तू म्हणालीस, "एका अंगाचं. दुसरं अंग मोडून गेलंय." अक्षर म्हणून तुला एक येत नव्हतं आये, आणि बीए झालेली मी तोंड उघडं टाकून ऐकत होते. वर मला शाबासकी दिलीस, की लाकूड धुराजवळ ठेवलंस ते ब्येस केलंस, कीड लागत न्हाई. मी नुसतं हं म्हटलं.

शनिवारी तुला शाळेत नेताना मला लाज नाही वाटली, हे आधी सांगते. भीती वाटली. तुझं चुकलं असतं तर म्हातारीची शेवटची आशा गेली असती, आणि त्या पाच मिशांसमोर तुझं हसं झालं असतं ते मला सोसलं नसतं. खोलीत पेंटर रंग कालवत होता. कमिटी खुर्च्यांवर. तुलाही खुर्ची दिली, तू पदर सारखा करून खालीच बसलीस. मग कुणाला न विचारता तू वर्गातला एक बाक मागवलास, त्याच्यावर घोंगड्याची घडी घातलीस, तिच्यावर लाकूड ठेवून दोरीनं आवळलंस आणि आकड्यांना पाण्याची भरलेली घागर अडकवलीस. आकडे वर तोंड करून का, हे दाखवायला घागर एका हिसक्यात वर उचलून काढलीस. जनावर दरडीवर पडलं तर वझं एका दमात सुटाय पायजे, गाठी सोडत बसलं तर जनावर जातं, असं तू सुभेदारांकडे बघत सांगितलंस. राखेनं आणि चिंचेनं आदल्या दिवशी घासून काढलेली पट्टी तू त्यांच्या पुढ्यात धरलीस. गंजाखालून बाणाचा एक छाप वर आला होता. तुला तो काय ते माहीत नव्हतं. सुभेदारांना माहीत होतं. त्यांनी चष्मा लावला, छापावर अंगठा फिरवला, आणि तो इंग्रजाच्या फौजेचा सरकारी शिक्का आहे असं सगळ्यांना सांगितलं.

तरी तो आचारी गप्प बसेना. वस्तू फौजेची असेल, पण ती ह्याच माणसाची कशावरून, मोडीच्या बाजारात असलं ढिगानं मिळतं, असं त्यानं काढलं. म्हातारी खाली बघायला लागली. तेव्हा तू बोललीस ते शब्द मला अजून तुझ्याच आवाजात ऐकू येतात. "आवं, मोडकं अर्धं खोगीर कोन इकत घेतंय? आमच्यात घोडी मेली तर तिचं खोगीर टाकत न्हाईत. दुष्काळात माझी गेली, तिचं अजून भिताडाला हाय. लंगडा मानूस ह्येवढं वझं परमुलखातनं घरापातूर आनतो, ते ज्याचं जनावर गेलं त्योच आनतो." आचारी खुर्चीत मागं सरकला. सुभेदारांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मग हलक्या आवाजात म्हणाले, "बर्मात डोंगरावर आमाला पानी खेचरांवरनं यायचं. गोळ्या बी. त्यास्नी हाकणारा मानूस कवा इचारला न्हाई आमी. खोगीर बगायचं ते भरल्यालं. रिकामं बगितलंच न्हवतं, बाई." ते उठले आणि पेंटरला म्हणाले, लिही.

पेंटरनं ब्रश भिजवला आणि म्हातारीला विचारलं, पूर्ण नाव सांगा. जन्मात मालकाचं नाव घेतलं नव्हतं तिनं, आणि आता अख्खी कमिटी समोर बसलेली. कमिटीतला एक जण तिच्या वतीनं सांगायला लागला तर तू हात वर केलास, त्यांनाच सांगू दे म्हणालीस. मग म्हातारीनं पदर डोक्यावर घट्ट ओढला आणि नाव घेतलं, बापाच्या नावासकट, आडनावासकट, भिंतीपलीकडच्या वर्गात जाईल एवढ्या मोठ्यानं. मला रडू आवरेना. हेडमास्तर जवळ येऊन हळूच विचारायला लागले की ह्या बाई कोण, कुठून बोलावल्या. मी हळूच नाही सांगितलं. माझी आई आहे, मी म्हणाले, मेंढरामागं जन्म गेला तिचा, घोड्यावर बिऱ्हाड लादून कोकणापर्यंत जायची. काय ताठ झाले होते मी त्या दिवशी! सुभेदारांनी तुला उभं राहून नमस्कार केला, आणि तू मात्र घागरीतलं पाणी सांडलं म्हणून फरशी पुसत होतीस.

पुढं तू वस्तीवर जाऊन ह्यातलं स्वतःचं काहीच सांगितलं नाहीस. सांगितलंस ते माझं. लेक कशी शानी, कुनी न वळखल्याली वस्तू टाकली न्हाई, धुराजवळ जपून ठिवली, म्हनून त्या म्हातारीच्या मालकाचं नाव लागलं. येईल त्या पाहुण्याला हेच, अगदी अंथरुणाला खिळलीस तोवर. मी समोर बसून ऐकायचे आणि विषय बदलायचे. आये, मी ते जपलं नव्हतं. सुभेदारांनी नाव काटलं तिथंच माझ्यासाठी सगळं संपलं होतं. त्या आठवड्यात जळण संपलेलं, म्हणून बुधवारी संध्याकाळी मी ते बंबात घालायला काढलं, आणि म्हातारीला हरवलं म्हणून सांगायचंही मनाशी ठरवलं. कोयत्याचे चार घाव घातले, हाताला झिणझिण्या आल्या, पण फळी फुटेना. उद्या शिपायाकडून कुऱ्हाड आणू म्हणून जळणाच्या कोपऱ्यात टाकून दिली. दुसऱ्या दिवशी तू आलीस. ते राहिलं ते लाकूड कठीण होतं म्हणून.