टेबल भक्कम आहे

२ फेब्रुवारी, सकाळी
आजपासून रोज नोंद ठेवायची. कामाला शिस्त येते.

ही जाऊन सात महिने झाले. हिने बावीस वर्षं चालवलेल्या शिवणक्लासच्या खोलीला हिचं नाव द्यायचं ठरलं आहे. कार्यक्रम २८ तारखेला. लाकडी पाटी मी करणार. क्लास आता हिची जुनी विद्यार्थिनी चालवते. ही तिला कात्री म्हणायची, जिभेवरून. कात्री म्हणाली, काका, नक्की ना? नाहीतर मी दुकानातून प्लास्टिकची आणते. मी म्हटलं, घरात सीएनसी राउटर असताना प्लास्टिक कशाला? कॉम्प्युटरवर नाव टाकायचं, मशीन लाकडात कोरतं. चार दिवसांचं काम.

मशीन बाल्कनीतून आत आणून हिच्या कापायच्या टेबलावर ठेवलं. टेबल भक्कम आहे. क्लासच्या मुली कापायला घरी इथेच यायच्या; यावर बावीस वर्षं कापड कापलं गेलं, कधी एक सूत इकडचं तिकडे झालं नाही.

टेबल पुसताना मागच्या डाव्या पायाखाली घडी घातलेला कागद सापडला. हिचं अक्षर. केर काढताना सरकून तिथे गेला असावा. माझ्या शर्टाचं माप आहे. शेवटी लिहिलंय, डावा खांदा पाव इंच उतरता, भर घालणे. ही नजरचूक. माझे खांदे सरळ आहेत. कागद मात्र जपायला हवा. लॅमिनेट करून आणणे.

४ फेब्रुवारी
कागद लॅमिनेट झाला. छान दिसतो.
पहिली चाचणी, फक्त पहिलं अक्षर. कड करवतीसारखी. मशीन चालताना डगमगतं. कारण लगेच सापडलं, कोरणारा कटर ज्यांवर सरकतो ती चाकं ढिली आहेत.

५ फेब्रुवारी
चाकं घट्ट केली. इतकी, की मशीन जागचं हलेना. थोडी सैल केली. पुन्हा डगमग.
डायल गेज काढलं. केसाएवढी हालचाल दाखवतं. त्याचा स्टँड खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, टेबलावर नाही. मोजणारा नेहमी बाहेर उभा हवा. कटर बोटाने ढकलला, काटा अर्धा मिलिमीटर सरकला. मी जन्मभर मोजमापाच्या प्रयोगशाळेत नोकरी केली आहे. अर्धा मिलिमीटर म्हणजे दरोडा. रीडिंग सुट्या कागदांवर लिहिणार, रोज तीन वेळा.

९ फेब्रुवारी
कटर ज्या आडव्या पट्टीवर बसतो ती पट्टी पातळ होती. लेथवाल्याकडून बारा मिलिमीटर जाडीची करून घेतली. स्वतः बसवायला आला. टेबलावर कोपर टेकला, वाकून खाली बघितलं आणि म्हणाला, काका, मशीनचा हत्ती केलात, पण तो उभा कशावर केलाय ते बघा की. मी म्हटलं, टेबल भक्कम आहे. तो म्हणाला, बरं, तुमचंच खरं.
हात चांगला आहे. थिअरी कच्ची.

१३ फेब्रुवारी, रविवार
मुलीचा फोन. तिला कंपनाची तीन कारणं समजावून सांगितली. तिने विचारलं, बाबा, जेवलात का? विषय बदलायची सवय आईची. म्हणाली, मशीन खाली जमिनीवर ठेवून बघा ना. मी म्हटलं, मग टेबलावर काय ठेवू? ती म्हणाली, बाबा, आधी जेवून घ्या. पुन्हा विषय बदलला.

१५ फेब्रुवारी
मशीनखाली काँक्रीटची लादी. पंचेचाळीस किलो. लेथवाला आणि त्याचा भाऊ उचलून ठेवून गेले. आता भूकंप आला तरी फिकीर नाही.
दुपारचं रीडिंग पाऊण मिलिमीटर. गेज बिघडलेलं दिसतं.
टेबलावर ठेवलेल्या कपातला चहा सांडला. कप काठोकाठ भरणं बंद करणे.

१७ फेब्रुवारी
प्रयोगशाळेतल्या जुन्या सहकाऱ्याने गेज तपासलं. म्हणाला, अगदी बरोबर आहे. त्याचंही गेज बिघडलेलं असणार.

२१ फेब्रुवारी
पहिल्या अक्षराच्या एकोणीस फळ्या झाल्या. दुसऱ्या अक्षराकडे घाईने जाण्यात अर्थ नाही.
कात्रीचा फोन. पाटी कुठवर आली? मी म्हटलं, शेवटच्या टप्प्यात. ती म्हणाली, काका, शुक्रवारपर्यंत बघते, मग दुकानात सांगते. बाईंचं नाव प्लास्टिकवर बघायला मलाही आवडणार नाही, पण भिंत रिकामी नको.

२४ फेब्रुवारी
आज मशीन लावलं नाही. टेबलापाशी नुसता बसलो. कोपर टेकला की टेबल किंचित झुलतं. हात थरथरत असेल. वय झालं.

२५ फेब्रुवारी, शुक्रवार
कात्री स्वतःच आली. मशीनकडे बघितलंसुद्धा नाही. टेबलाला कमरेने एक धक्का दिला. लादीसकट सगळं डुललं. म्हणाली, काका, बाईंचा कागद कुठाय?
मी म्हटलं, कोणता?
अहो, मागच्या डाव्या पायाखालचा. तिथली फरशी खचलीय. बाई जुन्या मापाची घडी घालून ठेवायच्या. आम्हाला पहिल्या दिवशी तेच शिकवलं, आधी टेबल बघा, मग कात्री उचला.
मी कपाटातून कागद आणून दिला. तिने उलटसुलट करून पाहिला. हसू आलं तिला. मग तिने बाईंच्या अक्षरावरून अंगठा फिरवला. म्हणाली, याची घडी कशी घालणार आता?
दुसरा कागद मागितला. समोर माझी रीडिंग होती, तीन आठवड्यांची. तिने त्यांचीच घडी घातली. मी चाचणीची एक फळी घालून तरफेने पाय उचलला, तिने घडी सरकवली.
काटा जेमतेम थरथरला.
ती म्हणाली, चला, टाका नाव. मी म्हटलं, उद्या. ती स्टूल ओढून बसली.
चार अक्षरं. एक तास दहा मिनिटं. कडा स्वच्छ.

२८ फेब्रुवारी, संध्याकाळी
पाटी लागली. कात्री सगळ्यांना सांगत होती, काकांनी घरी केली. पायाखालच्या घडीचं कोणाला बोलली नाही.
पाटीखाली माझा फोटो काढला. फोटोवाला दोनदा म्हणाला, काका, डावा खांदा जरा वर घ्या. मी सरळच उभा होतो. अंगात मुलीने पाठवलेला तयार शर्ट होता. हिने शिवलेल्या शर्टात असं कोणी कधी म्हणालं नव्हतं.
घरी येऊन आरशासमोर उभा राहिलो आणि पट्टी लावली.
पाव इंच.
उद्या: हिने शिवलेले शर्ट किती उरलेत ते बघणे.