नव्या बॅटऱ्यांची पहिली फेरी

मंगळवार, दिवेलागण

मंदाच्या विजेवरच्या गाडीला काल नव्या बॅटऱ्या बसल्या. मंदा माझी सून. मुकुंदवाडीच्या लग्नाच्या लॉनवर फाटकापासून मांडवापर्यंत म्हाताऱ्या पाव्हण्यांना नेती. जुन्या बॅटऱ्या माझ्या लेकानं, बबननं, खच्चून माणसं भरून लवकर मारल्या. आता परत तसं झालं तर तिचा धंदाच बसायचा. म्हणून हिरवा दिवा लागल्याबिगर तिनं चार्जिंग काढू दिलं नाय. मी आपली येताजाता बघतेय, लागला का हिरवा दिवा.

लागला तसं नारळ फोडला. बॅटरीला कुंकू कुठं लावतात, कोण जाणे. झाकणावर लावलं.

बबन म्हणला, "पहिली फेरी आईची." अन् मला बसवून चार दोस्त घेऊन स्वतः बी चढला.

मंदा म्हणली, "उतरा. सुरवातीला हलक्याच फेऱ्या. बॅटरी निम्मी उतरायच्या आत परत चार्जिंग."

"इंजिनेर कधी झालीस गं?"

मी म्हणलं, "बबन्या, नवा गोऱ्हा जुंपताना गाडी रिकामी ठेवत्यात का सगळी भावकी बसवत्यात?"

सगळे उतरले. मी बी उतराया लागले, तर मंदानं हात धरला. "बसा आत्याबाई. तुमचं काय वजन."

वजन नाय म्हणून बसवलं का मान म्हणून, इचारलं नाय. बसले. बबन शेजारनं पायी आला.