तुझ्या तहानेचं कारण

माय, तुझी तहान मला आता कुठे थोडी कळली आहे, म्हणून लिहितेय.

दारव्ह्याच्या ज्या लॅबमध्ये मी रक्त-लघवी तपासते, तिथे परवा एक सून सासूला घेऊन आली. सासूची लघवी नळाच्या पाण्यासारखी, साखर शून्य. सून म्हणाली, "दिवसभर पाणीच पिऊन राह्यल्या. आमी कालपासून तांब्याच उचलून ठेवला." मी जरा जोरातच ओरडले, "आधी पाणी द्या त्यायले, मंग बोला!" सासूने अख्खी बाटली एका दमात संपवली.

डॉक्टरांनी तिला नागपूरला पाठवलं, तेव्हा मी त्यांच्या मागेच लागले. ते म्हणाले, मेंदूतून एक हार्मोन येतं, ते मूत्रपिंडाला सांगतं की पाणी धरून ठेव. कधी कधी शरीर त्या हार्मोनलाच परकं समजतं आणि त्याच्याविरुद्ध अँटीबॉडी तयार करतं. मग निरोप पोचत नाही आणि प्यालेलं सगळं वाहून जातं. तिचं हेच आहे की दुसरं काही, ते तपासल्यावर कळेल. गंमत बघ, जंतूंशी लढायचं सैन्य घरच्याच माणसावर धावून जातं! कशाने चुकत असेल त्याची ओळख? मी अजून विचारतेच आहे. मी लहान असताना तूही अशीच दिवसभर पाणी पीत होतीस, तुझं रक्त मात्र कोणी तपासलंच नाही. आपल्याकडची तपासणी म्हणजे अंगणात लघवीला मुंग्या लागतात का ते बघायचं. बाबा उकिडवे बसून बघतायत, मी शेजारी. मुंगी एक नाही. "साखर नाही," बाबा म्हणतात, "सवय लागली तिले. सकाळ-संध्याकाळ एक-एक गिलास, बस. मांगलं तरी देऊ नोको."

माठाची राखण माझ्याकडे आली. दुसऱ्या दिवशी दुपारी तुझे ओठ फुटले होते, जीभ टाळूला चिकटत होती. "एक गिलास दे ना वं माय," तू मला म्हणत होतीस, आणि मी "बाबानं नाही म्हटलं" एवढंच म्हणत होते. संध्याकाळी तू बरळायला लागलीस, तेव्हा बाबाच घाबरले आणि स्वतःच्या हाताने तुला पाणी पाजलं. तू वाचलीस, पुढे कितीतरी वर्षं जगलीस, आणि मला एका शब्दाने बोलली नाहीस. त्याचंच मला जास्त वाईट वाटतं.

हे पत्र वहीतच राहील, म्हणून सांगते. त्या दुपारी बाबा घरी नव्हते. मी पाणी दिलं असतं तर त्यांना कळलंही नसतं. पण माठ संपला की हापशीवर मलाच जावं लागायचं, आणि मला कंटाळा आला होता.