मोठीचे न ऐकलेले निरोप

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बाहत्तर, धंदा शिवणकाम, आता बंद, राहणार याच दोन खोल्यांत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण त्यांची अट कायद्यात नसावी. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणण्याइतके जवळ कोणी राहतही नाही.

१. दोन्ही खोल्या आणि बँकेतील शिल्लक माझ्या एकुलत्या एक भाच्याला मिळावी. तो दरवर्षी माझ्या वाढदिवसाला फोनवर केकचे चित्र पाठवतो. चित्र दरवर्षी तेच असते, पण तारीख तो चुकत नाही, हेही खरे. या मृत्युपत्राची अंमलबजावणी त्यानेच करावी. खोल्या विकल्या तरी हरकत नाही. स्वयंपाकघरातला नळ मात्र आधी दुरुस्त करावा. घेणाऱ्याला फसवू नये.

२. शिलाई मशीन, मोठी कात्री आणि कपडे बेतायच्या कागदी खाक्यांची पेटी मोठीच्या मुलीला द्यावी. कारण लिहिणे भाग आहे, नाहीतर भाचा म्हणेल, मावशीला भ्रम झाला.

मोठी माझी मैत्रीण. शिवणवर्गात आम्ही पाच जणी होतो. ती सगळ्यांत उंच, म्हणून मोठी. पुढे पाच जणी पाच गावांना पांगलो. चाळीस वर्षांनी तिच्या मुलीने फोनवर आमचा ग्रुप करून दिला. पहिले वर्ष फार सुखाचे गेले. सकाळी उठले की आधी चष्मा, मग फोन.

मग एके दिवशी ग्रुपवर फोटो आले. मोठीच्या घरी चौघी एकाच सोफ्यावर दाटीवाटीने बसलेल्या. मला कोणी बोलावले नव्हते. मी फोटोखाली अंगठा टाकला आणि बोलणे सोडले. ग्रुप सोडला नाही. सगळे वाचायचे, उत्तर द्यायचे नाही. इतकी मी आतल्या गाठीची.

मोठी मला एकटीला बोलके निरोप पाठवू लागली. मी एकही ऐकला नाही. म्हटले, झुरू दे जरा. सव्वा वर्ष असे काढले. निरोप थांबले तेव्हा वाटले, कंटाळली शेवटी. पंधरा दिवसांनी तिच्या मुलीने ग्रुपवर लिहिले की आई गेली.

त्या दुपारी दार लावून मी सगळे निरोप ऐकले. अठ्ठावीस होते. पहिल्यात ती म्हणत होती, "अगं, या तिघी इथे लग्नाला आल्या होत्या, न सांगता माझ्याकडे धडकल्या. तुला लगेच फोन लावला, उचलला नाहीस. मशीनवर असशील." पुढे बाहीचा घेर, नातवाचा पडलेला दात, असेच काहीबाही. सव्विसाव्यात आवाज बारीक झाला होता. "मी दवाखान्यात आहे. तिसरा मजला, खिडकीजवळचा पलंग. जमलं तर ये. नाही जमलं तर नुसतं हं म्हण." शेवटच्या दोन्हींत ती काही बोललीच नाही. नुसता श्वास होता.

मी चार तास प्रवास करून तिच्या मुलीकडे गेले. म्हटले, "मी निरोप ऐकलेच नव्हते गं. राग धरला होता."

ती म्हणाली, "मावशी, आई रोज विचारायची, तिचं काही आलं का. मी नाही म्हणायचे. तर म्हणायची, शाळा उघडतायत, गणवेशांच्या कामात असेल."

तिने मला बोल लावायला हवे होते. तिने पाणी आणून दिले.

तिला शिवता येत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी मशीन तिलाच द्यावे.

३. माझा फोनही तिलाच द्यावा. भाच्याने तो पुसून कोरा करू नये. त्यात तिच्या आईचा आवाज आहे. सव्विसावा निरोप तिने ऐकू नये असे मला वाटते, पण ते ठरवण्याचा अधिकार माझा नाही.

४. मी गेल्याचे ग्रुपवर लिहू नये. उरलेल्या तिघींना भाच्याने फोन करावा, आणि त्या उचलेपर्यंत करावा.

५. साक्षीदारांविषयी. दोन माणसे हवीत म्हणून मी फेसबुकवर विचारले. तिथे माझे तीनशे बारा मित्र आहेत. चाळीस अंगठे आले, जोडलेले हात आले, एकीने 'खंबीर राहा' लिहिले. माणूस कोणी आले नाही. शेवटी जिना उतरून खालच्या इस्त्रीवाल्याला बोलावले आणि समोरचे दार वाजवले. वकील म्हणाले, साक्षीदाराला मृत्युपत्रात काही ठेवू नये. म्हणून चहा दिला.

इस्त्रीवाला खुर्चीच्या कडेवर बसला होता. म्हणाला, "काकू, अकरा वर्षं तुमचे कपडे वर आणून देतोय. दाराच्या आत आज पहिल्यांदा आलो."

मी विचारले, "मग इतकी वर्षं का नाही आलास?"

"तुम्ही कधी 'ये' म्हणालाच नाहीत."

हेही इथे लिहून ठेवते. खोडू नये.

वरील सर्व मजकूर मी वाचून पाहिला, तो माझाच आहे, आणि पुढील दोघांच्या डोळ्यांदेखत मी सही केली आहे.

मृत्युपत्र करणारीची सही

साक्षीदार पहिला : तळमजल्यावरील इस्त्रीवाला (सही)
साक्षीदार दुसरे : समोरच्या दारातील निवृत्त बसचालक (सही)

ठिकाण : राहते घर, पुढची खोली
दिनांक : बारा मार्च, दुपारी चार